बुशिदोचे कौतुक आणि माणिक चौकाचे विस्मरण

मराठी मध्यमवर्गाच्या घरांत सध्या जपानचे वारे वाहत आहे. ‘इकिगाई’चा मराठी अनुवाद दिवाणखान्यातील टीपॉयवर असतो, मियामोतो मुसाशीच्या खड्गविद्येच्या ग्रंथातील सूत्रे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविली जातात, कराटेच्या प्रशिक्षणात ‘बुशिदो’ हा शब्द आदराने उच्चारला जातो आणि २००३ साली आलेल्या ‘द लास्ट सामुराई’ या हॉलिवूडपटाने ज्यांच्या तारुण्याला भारून टाकले, ते आज आपल्या मुलांना त्याच भारावलेपणाने सामुराईच्या गोष्टी सांगत आहेत. ‘सामुराईची सन्मानसंहिता आजच्या तरुणाला काय देऊ शकते?’ हा व्याख्यानमालांचा आवडता विषय झाला आहे. तरुणांना सन्मान, निष्ठा, संयम यांविषयी कोणी काही सांगत असेल तर त्यात वाईट काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या समाजाला आपल्याच अंगणातील तेज दिसत नाही, त्याला समुद्रापलीकडचे तेज तरी नीट दिसते काय?

जपानविषयीचे आकर्षण आपल्याकडे नवे नाही आणि ते अनाठायीही नाही. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेकडे जाताना १८९३ च्या जुलै महिन्यात स्वामी विवेकानंद जपानमध्ये उतरले होते. तेथील स्वच्छता, उद्यमशीलता आणि स्वदेशाभिमान पाहून त्यांनी योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सुशिक्षितांच्या निष्क्रियतेवर अक्षरशः कोरडे ओढले. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाची नौसेना बुडविली, तेव्हा युरोपीय सत्ता अजिंक्य नाही हे अवघ्या आशियाला कळले. बंगालच्या फाळणीविरुद्ध पेटलेल्या त्या वर्षात भारतीय मनाला त्या विजयाने मोठा धीर दिला. राशबिहारी बोस यांना आश्रय देणारा देश जपानच. तेव्हा जपानबद्दल कृतज्ञता असणे योग्यच आहे. तथापि कृतज्ञता आणि भाबडेपणा यांत अंतर असते.

ज्याला आज आपण ‘बुशिदो’ म्हणून ओळखतो, त्याचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक इनाझो नितोबे यांनी लिहिले. ते १९०० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि ते जपानीत नव्हे, इंग्रजीत होते. नितोबे स्वतः सामुराई कुळातले, पण ख्रिस्ती क्वेकर पंथ स्वीकारलेले. एका बेल्जियन विद्वानाने त्यांना विचारले होते की, तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाही, तर मग मुलांना नीती शिकविता कशी? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हे पुस्तक जन्माला आले. न्याय, शौर्य, करुणा, सौजन्य, सत्य, मान आणि निष्ठा हे गुण त्यांनी पाश्चात्त्य वाचकांपुढे आकर्षकपणे मांडले. पण हे पुस्तक निघाले तेव्हा सामुराई उरले होते कोठे? १८६८ च्या मैजी क्रांतीनंतर त्यांचे तनखे गेले, १८७६ च्या फर्मानाने कमरेची तलवार गेली आणि १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखालील त्यांचे अखेरचे बंड मोडून निघाले. तलवार म्यानातून कायमची गेल्यावर दोन तपांनी तिचे स्तोत्र लिहिले गेले. त्याआधीचे ‘हागाकुरे’ घ्या. मृत्यूला सदैव सिद्ध असण्याचा उपदेश करणारा हा ग्रंथ ज्या यामामोतो त्सुनेतोमोच्या मुखातून अठराव्या शतकाच्या आरंभी उतरला, त्याने उभ्या आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. तोकुगावा राजवटीच्या अडीच शतकांच्या शांततेत बहुतेक सामुराई कचेऱ्यांत हिशेब ठेवणारे, कर गोळा करणारे कारकून होऊन बसले होते. त्यांचा तनखा ‘कोकू’ या तांदळाच्या मापात मोजला जाई आणि तो तांदूळ पिकवणारा शेतकरी वेगळा असे.

त्या शेतकऱ्याचे काय? सामुराई हा जन्माने ठरणारा वर्ग होता, लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. उरलेल्यांना शस्त्र बाळगण्याची मनाई. खालच्या वर्गातील कोणी आपला अवमान केला असे वाटले, तर त्याला जागच्या जागी कापून काढण्याचा अधिकार सामुराईला होता. त्या अधिकारालाही नियम होते आणि तो सर्रास वापरला जात नसे, हे खरे. पण सन्मानसंहितेने तो अमान्य केला नाही, हेही तितकेच खरे. येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी बजावले की, दाणागोटा, लाकूडफाटा लागला तर बाजारातून रोख विकत घ्यावा. रयतेला उपसर्ग झाला तर लोक म्हणतील की याहून मोगल बरे. सैनिकाचा मान कोठे आहे, तर कुणब्याच्या भाजीला हात न लावण्यात, अशी ही संहिता आहे. ती सतराव्या शतकातील आहे, ती अस्सल मराठीत आहे आणि तिच्यासाठी अनुवादकाची आवश्यकता नाही. आपल्या किती घरांत ते पत्र मुलांना मोठ्याने वाचून दाखविले जाते?

सत्तेचाळीस रोनिनांची कथा तर आता आपल्याकडेही घरोघर पोचली आहे. १७०१ मध्ये एदोच्या वाड्यात तलवार उपसल्याबद्दल सरदार असानोला आत्महत्येची शिक्षा झाली. त्याच्या निराश्रित सेवकांनी दीड-दोन वर्षे वाट पाहून धन्याचा सूड उगविला आणि मग शांतपणे कायद्यापुढे उभे राहून स्वतःचे पोट चिरून घेतले. कथा थरारक आहे. परंतु त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, यावर खुद्द जपानमध्ये त्या काळीच वाद झाला. पंडित ओग्यू सोराई यांचे मत असे की, निष्ठा वैयक्तिक असते, कायदा सर्वांचा असतो, म्हणून मानाने मरू द्यावे पण मरूच द्यावे. त्सुनेतोमोची तक्रार उलट, इतका काळ थांबलेच का? म्हणजे जिला आपण एकसंध, अचल संहिता समजतो, तिच्याविषयी तिच्या जन्मभूमीतच एकवाक्यता नव्हती. आपले व्याख्याते मात्र सात गुणांची यादी फळ्यावर लिहून मोकळे होतात.

अंदमानात ही संहिता कशी वागली?

भारतीय वाचकाने बुशिदोचा विचार करताना एक पान उलटलेच पाहिजे आणि तेच पान आपल्याकडे सर्वांत कमी उलटले जाते. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने अंदमान जिंकले. तोवर सामुराईच्या संहितेला लष्करशाहीने आपल्या गणवेशाला टाचून घेतले होते. १९४१ च्या सैनिकी आज्ञापत्राने जिवंतपणी शत्रूच्या हाती सापडणे ही अप्रतिष्ठा ठरविली होती. जो स्वतः कैदी होणे हीनपणाचे मानतो, तो कैद्याला माणूस मानीत नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर युद्धकैद्यांनी आणि वेठीला धरलेल्या आशियाई मजुरांनी ते अनुभवले. अंदमानात आपल्या माणसांनी अनुभवले. पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाणसिंग ‘कालेपाणी’ यांचा सेल्युलर कारागृहात अनन्वित छळ झाला आणि जानेवारी १९४४ मध्ये त्यातच त्यांचा अंत झाला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला होम्फ्रेगंज येथे ४४ भारतीयांना हेरगिरीच्या संशयावरून खंदकाशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. यांतील अनेक जण इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे, म्हणजे जपानला मित्र समजणारे होते. अवघ्या महिन्यापूर्वी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला होता.

सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होण्यासाठी दरवर्षी शेकडो मराठी कुटुंबे त्या कारागृहात जातात. त्याच भिंतींच्या आत सामुराईच्या वारसांनी कोणाला मारले, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? नेताजींच्या राजनीतीविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. पराधीन राष्ट्राचा सेनानी मिळेल त्या मित्राचा हात धरतो आणि नेताजींनी तेच केले. मुद्दा आहे तो संहितेचा. दुर्बळाशी कसे वागावे याविषयी जी संहिता मौन पाळते, ती सबळाच्या हाती गेल्यावर कोणत्याही थराला जाऊ शकते, हे अंदमानने दाखवून दिले.

यावर काही बुद्धिवादी मंडळी टाळ्या वाजवून म्हणतील, ‘म्हणजे मान, शौर्य, प्रतिज्ञा हे सारे सरंजामी अवशेषच ठरले, ते टाकून द्यावेत!’ त्यांना उत्तर देण्यासाठी जपानला जाण्याची आवश्यकता नाही. नंदुरबारला जावे.

नंदुरबारची संहिता

९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’च्या घोषणेला महिना झाला होता. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील या व्यापारी गावात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता होता, वय वर्षे पंधरा. मिरवणूक माणिक चौकात आली, पोलिसांनी अडविली. मुलांनी घोषणा थांबविल्या नाहीत. अधिकाऱ्याची बंदूक मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने वळली, तेव्हा हा मुलगा पुढे झाला आणि गोळी मारायची तर मला मार, अशा अर्थाचे आव्हान त्याने दिले, असे नंदुरबारमध्ये आजही सांगितले जाते. गोळ्या त्याच्या छातीत शिरल्या. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे त्याचे सोबतीही त्या गोळीबारात हुतात्मा झाले.

ही नावे पुन्हा एकदा सावकाश वाचावीत. मेहता, शहा, वाणी, केतकर. घरात गुजराती बोलणारी वाण्या-व्यापाऱ्यांची मुले आणि एक मराठी ब्राह्मण मुलगा. ज्यांच्या कुळात तलवार टांगलेली नव्हती, ज्यांच्या वाडवडिलांनी तराजू आणि वही हाताळली, त्यांची ही मुले. जन्माने सामुराई असावे लागते, हा जपानचा नियम माणिक चौकात लागू पडला नाही. क्षात्रवृत्ती ही कुळाची मिरास नसून संकटसमयी पुढे टाकलेल्या पावलाची बाब आहे, हे आपल्याकडे ग्रंथांत पुष्कळ वेळा लिहिले गेले आहे. येथे ते रस्त्यावर घडले. आणखी एक गोष्ट. या मुलांच्या हातांत शस्त्र नव्हते. मरण्याची सिद्धता होती, मारण्याची साधने नव्हती. आपल्यापेक्षा दुर्बळ असलेल्याच्या आणि बंदुकीच्या मध्ये उभे राहणे, एवढीच त्यांची संहिता होती आणि ती त्यांना कोणी सात गुणांच्या यादीतून शिकविली नव्हती.

दरवर्षी ९ सप्टेंबरला स्मारकाला पुष्पहार घातले जातात. हार घालणे चांगलेच. पण पुण्या-मुंबईच्या, नागपूर-ठाण्याच्या शाळकरी मुलांना शिरीषकुमारचे नाव विचारून पाहावे. शंभरात किती हात वर होतील? त्याच मुलांना सामुराईच्या तलवारीचे नाव विचारले तर ‘कताना’ हे उत्तर तत्काळ येईल. कार्टूनची आणि संगणकीय खेळांची ही देणगी आहे. पालकांनी मात्र त्या खेळांना दोष देऊन स्वतःची सुटका करून घेऊ नये.

नंदुरबारची संहिता केवळ शहरातील चौकापुरती नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः वनवासींचा. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, धानका अशा जमाती येथे तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत पसरल्या आहेत. खानदेशच्या गावगाड्यात भिल्लाकडे ‘जागल्या’चे काम असे. रात्री पहारा आणि चोरी झाली तर चोराचा माग काढणे. पावलांचे ठसे ओळखत जागल्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, तेथे शेजारच्या गावच्या जागल्याला माग दाखवून देई आणि पुढची जबाबदारी त्या गावाची होई. माग आपल्याच शिवारात हरवला तर चोरीची भरपाई आपल्याच माथी. मानाची याहून सुबोध व्याख्या कोणत्या ग्रंथात आहे? माझ्या शिवेत जे हरवले, त्याचा जाब मी देईन. सामुराई धन्याला बांधलेला होता. जागल्या गावाला बांधलेला होता, त्यातल्या प्रत्येक घराला. आणि त्याच्या बदल्यात गावाने त्याला काय दिले? वेशीबाहेरचे घर, शिळी भाकरी आणि ‘अरे-तुरे’. हे लिहिताना लाज वाटली पाहिजे, आणि वाटत नसेल तर आपली संहिता तपासून पाहिली पाहिजे.

डोंगरातील नाईकांकडे घाटांची राखण होती. वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाची हमी नाईक घेई आणि त्याचा हक्क वसूल करी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि हे जुने हक्क गुंडाळले जाऊ लागले. त्यानंतरची कित्येक वर्षे सातपुडा आणि सातमाळा धगधगत होता. अखेर १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी करून भिल्लांना आवरण्याचा मार्ग पत्करला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांच्या चाकरीत होता, तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा कामावर घेतला गेला, आणि १८५७ चा वणवा पेटताच त्याने ती चाकरी झुगारली. सरकारी खजिना लुटून त्याने सातपुडा हादरवला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. बंदुकांपुढे तीर-कामठे फार वेळ टिकणारे नव्हते. पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथेच गोळ्या घातल्या गेल्या. खाज्या त्यानंतरही दोन वर्षे हाती लागला नाही. १८६० मध्ये तो मारला गेला, तोही विश्वासघाताने. साइगो ताकामोरीच्या अखेरच्या लढ्यावर हॉलिवूडने कोट्यवधी डॉलर खर्चून चित्रपट काढला. खाज्या नाईकासाठी मराठी चित्रसृष्टीला फुरसत झालेली नाही.

पण नंदुरबारच्या मातीतील सर्वांत विलक्षण सन्मानसंहिता लिहिली ती तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी. १९३७-३८ चा तो काळ. सावकार, दारूचा गुत्तेदार आणि जमीनदार या तिघांच्या पाशात भिल्ल समाज पिचला होता. गुलाम महाराज स्वतः भिल्ल. त्यांनी दारू सोडण्याची शपथ दिली, स्वच्छ राहण्यास सांगितले, सोमवारच्या आरतीला हजारोंचा समुदाय लोटू लागला. आणि त्यांनी एक वरवर साधी वाटणारी आज्ञा दिली: एकमेकांना ‘आप’ म्हणा. बाप मुलाला, नवरा बायकोला, धाकटा थोरल्याला आणि थोरला धाकट्यालाही. ज्यांना उभ्या मुलखाने पिढ्यानपिढ्या एकेरीत हाक मारली, त्या लोकांनी प्रथम स्वतःच एकमेकांना मान देण्यास आरंभ केला. याच शब्दावरून त्यांचा मार्ग ‘आप धर्म’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दारूची दुकाने ओस पडली, तेव्हा ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्या पोटात दुखले, हे सांगावयास नकोच. १९३८ मध्ये महाराज गेले. रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालविले.

नितोबेंच्या यादीतील ‘सौजन्य’ हा गुण सामुराईने सामुराईशी आणि धन्याशी पाळावयाचा होता. मोरवडच्या भिल्लाने तो बायकोशी आणि पोराशीही पाळावयास लावला. दोन्हींपैकी आजच्या काळाला कोणता अधिक जवळचा, हे वाचकांनीच ठरवावे.

मान कोणाचा, शब्द कोणाचा?

वनवासी समाजाचे भाबडे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. त्याच सातपुड्यात एखाद्या असहाय वृद्धेला ‘डाकीण’ ठरवून मारहाण केली जाते, तिला गावाबाहेर हाकलले जाते, प्रसंगी तिचा जीव घेतला जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याला गुन्हा ठरविले. पण कायदा पोचतो त्याआधी जमाव पोचतो. गुलाम महाराजांच्या मुलखात हा कलंक शिल्लक राहावा, हे दुर्दैव. मात्र नगरजनांनी त्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या अंगणातही पाहावे. भिल्ल-पावऱ्यांत मुलगी मनाप्रमाणे मुलाबरोबर पळून गेली, तर दोन्ही बाजूंचे पंच बसतात, देज आणि दंड ठरतो, जेवणावळ होते आणि तंटा मिटतो. आपल्या सुशिक्षित, सधन महाराष्ट्रात काय होते? २०१३ मध्ये नगर जिल्ह्यातील सोनई येथे एका प्रेमप्रकरणातून वाल्मीकी समाजातील तीन तरुणांची हत्या झाली, तीही अशी की वर्णन करावयास लेखणी धजू नये. हे ‘मानासाठी’ केले, असे म्हटले गेले. अशा मानाला संहिता म्हणावयाचे असेल, तर ती अंदमानातील खंदकाच्या जातीची आहे. हिंदू समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या विषयावर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलावयास हवे. तेथे मौन पाळून इतरत्र एकात्मतेची व्याख्याने देणे शोभत नाही.

एकलव्याची कथा आपण निष्ठेचा आदर्श म्हणून मुलांना सांगतो. निषादपुत्राने अंगठा कापून दिला, शब्द पाळला. ठीक. पण ज्याने विद्या दिली नाही त्याने दक्षिणा मागितली, त्याच्या वागण्यास कोणत्या संहितेचा आधार होता, हा प्रश्न मुलांनी विचारला की आपण पान उलटतो. सातपुड्यातील मुले मात्र तो प्रश्न विचारतात, आणि विचारीत राहणार.

कारण एकलव्याकडे दक्षिणा मागण्याचा प्रघात थांबलेला नाही. नर्मदेवरील सरदार सरोवराचे उदाहरण घ्या. धरण असावे की नसावे, हा वाद आता संपला आहे. १३८.६८ मीटर उंचीचे धरण उभे आहे, सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. कच्छ-सौराष्ट्राची तहान भागली, ही आनंदाची गोष्ट आहे. विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. या लाभासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले होते की, ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल, त्याला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन मिळावी, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानावे आणि हे सारे पाणी चढण्यापूर्वी व्हावे. हा शब्द एखाद्या पुढाऱ्याने सभेत दिलेला नव्हता. तो राष्ट्राचा शब्द होता.

तो पाळला गेला का? काही कुटुंबांच्या बाबतीत पाळला गेला. तळोदा परिसरात वनजमीन खुली करून वसाहती उभ्या राहिल्या, काही कुटुंबे गुजरातमध्ये गेली. पण मणिबेलीत पाणी १९९३ मध्येच शिरले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे ‘घोषित’, ‘अघोषित’, ‘पात्र’, ‘अपात्र’ या शब्दांच्या जंजाळात माणसे सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिली. ज्याच्याकडे सातबारा नाही, पण ज्याच्या आजोबाने ते शेत कसले, त्याचे काय? सातबारा नसणे हा त्याचा अपराध नव्हता, त्याच्या डोंगरापर्यंत मोजणीदार पोचला नाही हा राज्याचा अपराध होता. आंदोलकांच्या हेतूंविषयी अनेकांना आक्षेप असतील, आणि त्यांतील काही आक्षेप रास्तही असतील. पण आंदोलक आवडत नाहीत म्हणून विस्थापिताला दिलेला शब्द शिळा होत नाही. उलट ज्यांनी धरणाचा हिरीरीने पुरस्कार केला, राष्ट्रहिताचा दाखला दिला, त्यांच्यावर हा शब्द पाळला जातो की नाही हे पाहण्याचे दायित्व दुपटीने येते. राष्ट्रासाठी कोणी शेत सोडले, तर राष्ट्र त्याचे ऋणी असते. ऋणकोने धनकोला दारात तिष्ठत ठेवावे, ही कोठली रीत?

बुशिदोच्या चाहत्यांना एक जपानी गोष्ट मात्र जरूर उचलावीशी वाटावी. सामुराईच्या तोंडचा शब्द लेखी कराराइतका पक्का मानला जाई. कागद मागणे हाच त्याला अवमान वाटे. सातपुड्यातील भिल्लही बोलीवरच व्यवहार करीत आला. त्याने बियाणे घेतले, सावकाराकडून पैसे घेतले, ते तोंडी बोलीवर. आणि कागद दाखवून त्याला लुबाडले ते साक्षरांनी. शब्दाला जागणाऱ्या दोन समाजांपैकी एकाची आपण पुस्तके विकत घेतो आणि दुसऱ्याला अडाणी म्हणतो.

जपानकडून आणखी काही घ्यावयाचे तर तलवार बाजूला ठेवून त्यांच्या शाळेत डोकवावे. तेथे मुले स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, आपल्या हातांनी सोबत्यांना जेवण वाढतात. २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर उद्ध्वस्त गावांतील माणसे पाण्यासाठी शांतपणे रांगेत उभी असलेली जगाने पाहिली. त्या शिस्तीचे मूळ सामुराईच्या मृत्युपूजेत शोधण्यापेक्षा या झाडूत शोधावे. नंदुरबारच्या आश्रमशाळांत वनवासी मुले झाडू हाती घेतातच. शहरातील नामांकित शाळांत, जेथे वर्षाचे शुल्क लाखाच्या घरात आहे, तेथे मात्र वर्ग झाडावयास लावला तर पालक तक्रार घेऊन येतात.

आणि कार्यकर्त्यांविषयी दोन शब्द. व्हॉट्सअॅपवर शिरीषकुमारचे चित्र पुढे पाठविण्यास अर्धे मिनिट लागते. त्याच जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याकाठी असे पाडे आहेत, जेथे वैद्यकीय पथक बोटीने जाते आणि मतदानाची यंत्रेही बोटीने जातात. धडगाव-अक्कलकुव्यातील कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात, ती होळीच्या सुमारास परततात. या काळात शाळेचा पट रिकामा पडतो आणि कुपोषणाच्या नोंदवहीतील नावे वाढतात. काठीच्या राजवाडी होळीची छायाचित्रे काढण्यासाठी दरवर्षी शहरांतून कॅमेरे घेतलेल्यांची गर्दी होते. ढोल थांबतात, पहाटे गर्दी पांगते आणि चारचाकी गाड्या मोलगीच्या घाटातून खाली उतरू लागतात. त्याच घाटात वर चढणारी, ऊसतोडीहून परतणाऱ्यांनी खच्चून भरलेली जीप त्यांना वाट देण्यासाठी कडेला थांबलेली असते.